उरलेली सात वर्षं

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये निफाडकडच्या एक काकू सुनेबरोबर आल्या होत्या. सुनेकडे कसलंसं कूपन होतं, चेहऱ्याची तपासणी मोफत. काकूंनी त्या पांढऱ्या, अर्ध्या फोडलेल्या अंड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवली, डोळे मिटले, तीनदा प्रकाश लखलखला आणि पाच मिनिटांत रंगीत प्रिंट हातात पडली. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत : त्वचेचं वय 58. काकूंचं वय 51. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि काउंटरवरच्या मुलीला अगदी शांतपणे विचारलं, "मग ही उरलेली सात वर्षं कुठून आली गं?" मुलगी हसली. "काकू, मशीन दाखवतं ते." आणि तिनं सहा सिटिंगच्या पॅकेजचा कागद पुढे सरकवला. बाकावरून उठताना काकू सुनेला म्हणाल्या, "आपण द्राक्षांची साखर बघायची तर प्लॉटभर हिंडून वीस-पंचवीस झाडांचे मणी घेतो. इथं एका फोटोत उरकलं."

प्रश्न चोख होता. त्याचं बरंचसं उत्तर देता येतं, म्हणूनच तो डोक्यातून जात नाही.

त्या पाच मिनिटांत काय झालं ते आधी पाहू. असली यंत्रं एकाच चेहऱ्याचे तीन प्रकारच्या उजेडात फोटो घेतात. पहिला साध्या पांढऱ्या फ्लॅशचा. दुसरा पोलरायझिंग फिल्टर लावून : एक फिल्टर फ्लॅशसमोर, दुसरा लेन्ससमोर. दोन्ही एकमेकांना काटकोनात ठेवले की कातडीवरची चमक नाहीशी होते आणि आतला तपकिरी-तांबडा रंग तेवढा उरतो. वांग, डाग, लालसर शिरा दिसतात. तेच फिल्टर समांतर ठेवले तर उलटं होतं, चमक राहते आणि प्रत्येक रेघ, प्रत्येक छिद्र उठून येतं. तिसरा फोटो अतिनील उजेडात. कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य हा उजेड पिऊन टाकतं, त्यामुळे साध्या डोळ्यांना अजून न दिसणारे डागही काळे होऊन पुढे येतात, आणि नाकाच्या बाजूच्या छिद्रांतले जिवाणू जे द्रव्य सोडतात ते नारिंगी ठिपक्यांसारखं चमकतं. यंत्र म्हणून हे सगळं सुंदर आहे. पण काकू हळदीकुंकवाच्या दिवसांत आल्या होत्या. कपाळावर, गालांच्या वर हळदीचं बोट लागलेलं, ते रुमालानं पुसलं तरी कातडीच्या रेघांत बसलेलं असतं. हळद अतिनील उजेडात हिरवट पिवळी चमकते. सनस्क्रीन लावलेलं असेल तर तो भाग काळा येतो. सुती टॉवेलचा एखादा तंतू भुवईत अडकला तर निळा-पांढरा झळकतो, कारण कपडे धुण्याच्या पावडरमध्ये तशी द्रव्यं असतात. आणि तेल! सकाळी केसांना चोपडलेलं खोबरेल दुपारपर्यंत कपाळावर उतरतं, तिथं उजेड परततो, चमकेच्या कडेला काळी रेघ उमटते, आणि सॉफ्टवेअर बिचारं तिला सुरकुती समजून मोजतं. त्याला काय माहीत आज कोणता सण आहे.

टिकलीचंही तसंच. फोटोपूर्वी ती काढायलाच हवी, पण काढली की प्रश्न संपत नाही. काही बायकांच्या कपाळावर टिकलीखाली एक फिकट, कधी पांढरा गोल तयार झालेला असतो. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉल हे रसायन असेल तर ते रंग बनवणाऱ्या पेशींना मारू शकतं. हा गोल वयाचा नाही, तो टिकलीच्या पाकिटाचा. यंत्र मात्र त्याला 'रंगाचा असमानपणा' या खात्यात टाकतं आणि गुण कापतं.

चेहरा मोजायचा तर चेहऱ्याखेरीज बाकी सगळं स्थिर करावं लागतं, आणि खरं काम तेच असतं. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, टिपायचं, चोळायचं नाही. काजळ, लिपस्टिक, पावडर, नथ, मोठी कानातली, सगळं उतरवायचं. केस पट्ट्यानं मागे. मग वीस ते तीस मिनिटं नुसतं बसायचं, 20 ते 22 अंशांच्या खोलीत, हवेतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये. उन्हातून आलेल्या माणसाचे गाल तासभर लाल राहू शकतात, चहा प्यायलेल्याचेही. ही बसायची वेळ सगळ्यात आधी वगळली जाते, कारण बाहेर पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. नाशकात तर ती वगळून चालतच नाही. निफाडचं जानेवारीतलं तापमान दरवर्षी पेपरात येतं. त्या कोरड्या थंडीत कातडीचा सगळ्यात वरचा थर पाणी सोडतो, आकसतो, आणि डोळ्यांच्या कडेला, ओठांवर बारीक रेघांचं जाळं उमटतं. त्याच बाईचा त्याच खुर्चीत श्रावणातल्या दमट दिवसात फोटो काढा, जाळं निम्मं विरलेलं असतं. क्रीम चोपडून दहा मिनिटांनी काढला तरी तेच. 'आधी' आणि 'नंतर'च्या कित्येक जाहिराती एवढ्याच भांडवलावर चालतात : आधीचा जानेवारीत, कोरड्या तोंडानं, बाजूच्या दिव्यात, नंतरचा पावसाळ्यात, क्रीम लावून, समोरच्या दिव्यात. बाजूनं येणारा उजेड प्रत्येक खळग्यात सावली भरतो, समोरचा ती पुसून टाकतो. यात खोटं एकही अक्षर नसतं आणि खरंही नसतं.

मान किती वर, किती खाली, याचा नियम तर शतकाहून जुना आहे. 1880 च्या दशकात फ्रँकफर्टला मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी एक रेषा ठरवली : डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड यांना जोडणारी. ती जमिनीला समांतर असली की डोकं 'सरळ'. कवट्या ठेवण्यासाठी ठरवलेली ही रेषा आजही जिवंत चेहऱ्यांचे फोटो काढताना वापरतात. ती पाळली नाही तर काय होतं ते आरशासमोर पाहता येतं. हनुवटी थोडी खाली घेतली की गळ्याला वळी पडते आणि जबड्याची कड मोडते. थोडी वर केली की दहा वर्षं उतरल्यासारखी कड ताणून येते. काकूंनी हनुवटी टेकवली ती पट्टी त्यांच्या आधीच्या उंच मुलीच्या मापाला लावलेली होती. त्यामुळे काकूंना स्टुलावर पुढे वाकून, मान मागे टाकून बसावं लागलं होतं. या स्थितीत जबड्याची कड उलट बरी दिसते. म्हणजे तिथं यंत्रानं काकूंना दोन-चार गुण फुकट दिले असणार. चुका एकाच दिशेनं होत नाहीत, हाच तर त्रास आहे.

अंतराचीही तीच कथा. सेल्फी हातभर अंतरावरून, फूटभरावरून काढतात. त्या अंतरावर नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब पडतात. 2018 मधल्या एका गणितानुसार पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरच्या फोटोत नाक जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. नाक मोठं झालं म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांतल्या काहींचं नाक मोबाईलमध्येच मोठं असतं. चेहऱ्याच्या नोंदीसाठी म्हणून 90 ते 105 मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, सव्वा ते दीड मीटर अंतर, दोन दिवे दोन बाजूंना सारख्या कोनात. पाच फोटो : एक समोरून, दोन पाऊण बाजूंनी, दोन पूर्ण बाजूंनी. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात 24 चौकोनांचं रंगाचं कार्ड, म्हणजे दिव्याचा पिवळेपणा नंतर वजा करता येतो. फरशीवर खुर्चीच्या पायांसाठी चिकटपट्टीच्या खुणा. मजा अशी की यातल्या कळीच्या गोष्टीचं प्रात्यक्षिक आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं करून ठेवलंय. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती, दिवसाला एक चौकट, महिनाभर. रोप वाढताना दिसलं कारण कॅमेरा आणि कुंडी जागच्या जागी होती. कुंडी रोज इंचभर सरकली असती तर रोपाऐवजी कुंडीच नाचताना दिसली असती.

आता चेहरा खरोखर कसा बदलतो? वर्षांचं काम तीन-चार मजल्यांवर एकाच वेळी चाललेलं असतं आणि यंत्राला बहुधा वरचाच मजला दिसतो.

सगळ्यात खाली हाड. 2011 मध्ये अमेरिकेत 60 बायका आणि 60 पुरुषांच्या चेहऱ्याचे सीटी स्कॅन तीन वयोगटांत वाटून मोजले गेले. डोळ्याची खोबण वयाबरोबर मोठी होते, पण सगळीकडून सारखी नाही. आतल्या बाजूला वर आणि बाहेरच्या बाजूला खाली जास्त. नाकाच्या भोवतीचं हाड मागे सरतं, जबड्याचा कोन पसरतो. वरची कातडी-चरबी तीच, खालचा खांब आखूड झाला, की तंबू जसा ढिला पडेल तसं होतं. मात्र सीटीचा माणूस उताणा झोपलेला असतो. त्या स्थितीत गालाचं मांस कानाकडे घसरतं, ओघळलेली गालफडं पाच मिनिटांपुरती तरुण होतात. म्हणून सीटीवर हाड मोजावं, गाल मोजू नयेत. आणि निव्वळ वय बघायच्या हौशीपायी कुणाला किरणं द्यावीत, हे तर मुळीच नको.

हाडाचा विषय निघाला की आपल्याकडे दातांचा निघतोच. जिल्ह्यातल्या कितीतरी आज्यांनी उभा जन्म मिश्री लावली. हिरड्या गेल्या, दात हलले, काढले. दात गेल्यावर त्याला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात वेगानं, आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त. नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतची उंची कमी होते, ओठ आत वळतात, हनुवटी पुढे येते. कवळी घातली की ही उंची क्षणात परत येते. त्यामुळे नोंदवहीत पहिला प्रश्न वयाचा नसून हा असायला हवा : आज कवळी घातली आहे का? गेल्या खेपेला होती का? एवढं न विचारता काढलेल्या दोन फोटोंतला फरक दंतवैद्याच्या खात्यावर जमा करावा.

हाडावर चरबीचे कप्पे, एकसंध गादी नव्हे. काही कप्पे आटतात, काही खाली ओघळतात. दोन कप्प्यांच्या मधली शीव खोल दिसायला लागते, आपण तिला नाकापासून ओठापर्यंतची घडी म्हणतो. आणि त्यावर कातडी. इथं बाईच्या शरीराचा स्वतंत्र हिशेब आहे. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलाजेन, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, सुमारे 30 टक्क्यांनी घटतं, पुढे वर्षाला साधारण दोन टक्के. चेहऱ्याच्या आकारातही हे उमटतं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात 26 ते 90 वयाच्या 88 माणसांचे त्रिमित स्कॅन होते, प्रत्येक चेहऱ्यावर 585 बिंदू. पन्नाशीपर्यंत बायका आणि पुरुष सारख्याच वाटेनं चालत होते. मग बायकांची वाट अचानक वळली. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्या बदलाचा वेग पुरुषांच्या तिपटीपर्यंत गेला, आणि साठीच्या आसपास पुन्हा मंदावला. हे वाचल्यावर 51 वर्षांच्या बाईला '58' ऐकवणं फारच उतावीळपणाचं वाटतं. ती नेमकी वळणावर उभी आहे. वळणावरच्या गाडीचा एक फोटो काढून ती कुठे निघाली ते सांगता येत नाही.

बिंदूंचं काम दिसतं तितकं सोपं नाही. डोळ्याचा कोपरा, नाकपुडीची कड, ओठाचं टोक हे बिंदू हाताला पटकन सापडतात. जबड्याचा कोपरा मांसाखाली दडलेला असतो, बोटानं चाचपून खूण करावी लागते. मग सगळे चेहरे संगणकात एकमेकांवर ठेवतात, फिरवून, सरकवून, एका मापाचे करून. या क्रियेला प्रोक्रस्टीझचं नाव आहे, पाहुण्याला ओढून किंवा छाटून आपल्या पलंगाच्या मापाचा करणारा तो ग्रीक दरोडेखोर. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती. चांगल्या त्रिमित कॅमेऱ्याची चूक मिलिमीटरच्या आत असते, पण वर्षभरात चेहरा जेवढा हलतो तोही तेवढ्यातच मावतो. म्हणून एकाच माणसानं तेच बिंदू आठ दिवसांनी, पहिले न बघता, पुन्हा लावायचे. दोन खेपांतला फरक वर्षाच्या फरकाएवढा निघाला तर ते वर्ष मोजलं गेलंच नाही, असं कबूल करायचं. कबूल करणारे थोडे.

याबाबतीत गोंदण फार भरवशाचं. पेठ-सुरगाण्याकडच्या म्हाताऱ्यांच्या हनुवटीवर, कपाळावर लहानपणी टोचलेले हिरवे ठिपके असतात. शाई कातडीच्या आतल्या थरात बसते, कडा पुसट होतात, पण ठिपका ठिपकाच राहतो. ज्या कातडीत तो टोचला तिच्याबरोबरच तो सरकतो. दोन ठिपक्यांमधलं अंतर दहा वर्षांच्या फोटोंत पाहिलं तर कातडी कुठे ताणली, कुठे उतरली ते संगणकाच्या अंदाजापेक्षा स्वच्छ दिसतं. कुणी मोजण्यासाठी ते टोचले नव्हते, हे वेगळं.

रंगाबद्दल मात्र भांडायला हवं. त्वचेच्या रंगाची जी सहा गटांची वर्गवारी सगळीकडे वापरतात, ती त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिकनं 1975 मध्ये मांडली तेव्हा गोऱ्या कातडीचे फक्त चार प्रकार होते. गव्हाळ-सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा नंतर जोडले गेले. गोऱ्या कातडीवर वयाची पहिली खूण सुरकुती. आपल्याकडे मेलॅनिन ऊन अडवतं, सुरकुत्या उशिरा येतात, आधी येतो तो रंगाचा गोंधळ : वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, तोंडाच्या कडांचा सावळेपणा. यंत्राचा आकडा म्हणजे त्याच्या ठेवणीतल्या, आधी साठवलेल्या हजारो चेहऱ्यांशी केलेली तुलना. त्या ठेवणीत कोण बायका आहेत, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. काकूंच्या कागदावर 'सुरकुत्या : 36' असंही होतं आणि सून हळूच म्हणाली, "म्हणजे पास आहात, आई." 36 चा अर्थ एवढाच की ठेवणीतल्या त्यांच्या वयाच्या शंभर बायकांतल्या 36 जणींपेक्षा त्या बऱ्या. त्या शंभरांत द्राक्षाच्या विरळणीला उन्हात उभी राहिलेली एक तरी आहे का?

उन्हाचा आणि वर्षांचा हिशेब वेगळा करायची एक सोपी जागा प्रत्येकीकडे असते : दंडाची आतली बाजू, पोलक्याच्या बाहीखालची. तिला वर्षं तेवढीच झालेली असतात, ऊन जवळजवळ शून्य. 20 मेगाहर्ट्झच्या सोनोग्राफीत चेहऱ्याच्या कातडीत, सगळ्यात वरच्या थराखाली, वयाबरोबर एक काळा पट्टा जाड होत जातो. दंडाच्या आत तो दिसत नाही किंवा अगदी बारीक असतो. गंगापूर रोडवर संध्याकाळी स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून जातात, तेव्हा वाटतं, यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांनी एक आडवा पट्टा उरेल, डोळ्यांभोवतीचा, बाकीच्यापेक्षा म्हातारा. मळ्यातल्या बायका डोक्यावरून पदर ओढतात, त्यांचं कपाळ वाचतं आणि गाल-नाक होरपळतात. कुणाचा चेहरा कुठे म्हातारा आहे यावरून ती काय काम करत होती ते बऱ्याचदा सांगता येईल.

घरी हे करायचं तर महाग काही लागत नाही. एक भिंत, फरशीवर चिकटपट्टी, दीड मीटरवर उभा ट्रायपॉड, मोबाईलची दोनपट झूमची लेन्स, चेहरा गुळगुळीत करणारा मोड बंद (काही फोनमध्ये तो दोन ठिकाणी लपलेला असतो, दोन्हीकडे बंद करायचा). तीच खिडकी, तीच वेळ, वर्षातला तोच महिना. आणि लागोपाठ तीन दिवस फोटो काढायचे. या तिघांतच जेवढा फरक दिसेल, रात्री झोप झाली नाही म्हणून, मीठ जास्त झालं म्हणून, तेवढा फरक पुढच्या वर्षी सोडून द्यायचा. त्यापलीकडे काही दिसलं तरच ते वय. काकूंनी साखरेच्या मापाबद्दल सांगितलं ते हेच. ज्यांना दहा वर्षांची जोडी हवी त्यांनी कपाटातला जुना, रद्द झालेला पासपोर्ट काढावा. पासपोर्टची पुस्तिका छापली जाते ती आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, आणि फोटोचे नियम असे कडक की चेहरा सरळ, तोंड मिटलेलं, हसू नाही, सावली नाही. लग्नाच्या फोटोचा मात्र उपयोग नाही. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून डाग पुसायची पद्धत होती; त्या नवरीला सुरकुती आधीही नव्हती आणि डागही नव्हता.

तर ती सात वर्षं. त्यातली काही हळदीची, काही खोबरेल तेलाची, काही निफाडच्या थंडीची, एखादं टिकलीच्या गोंदाचं. काही उन्हात गेलेल्या हंगामांची, ती खरी. काही कुठल्यातरी परदेशी बायकांच्या फोटोंची, ज्यांच्याशी काकूंची कधी गाठ पडणार नाही. कुणाची किती, हे त्या एका कागदावरून सांगता येत नाही, कारण सांगण्यासाठी जे लिहून ठेवायला हवं होतं ते कुणी लिहिलं नव्हतं : तोंड किती वाजता धुतलं, किती वेळ बसल्या, पट्टीची उंची किती, बाहेरून उन्हातून आल्या का, पाळी कधी गेली, दात सगळे आहेत का.

काकूंनी पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं, काउंटरच्या काचेत बघून फिकट गोलावर नेमकी नवी लावली आणि तो प्रिंट घडी घालून पाकिटाबरोबर आत ठेवला. घडी घालताना मागची बाजू दिसली. ती पूर्ण कोरी होती.